अकरा म्हाताऱ्या आणि उलटा कुलर

ऊन असं पडलं होतं त्या दिवशी, काय सांगू! वैशाखाचा महिना, सकाळचे नऊसुद्धा वाजले नव्हते, अन् डांबराला चप्पल चिकटून राहिली होती. आभाळ निळं नव्हतंच, राखेसारखं पांढरट. मधूनच एखादी वावटळ उठायची, रस्त्यावरचा पाला, कागद, कोणाची तरी फाटकी कॅरीबॅग घेऊन गरगर फिरायची अन् सगळं आणून माणसाच्या तोंडावर आपटायची. अशा दिवशी शहाण्या माणसानं लिंबाखाली गप पडून राहावं. इकडची काडी तिकडं करू नये.

मी केली. काडी नव्हे, चांगला हत्तीच्या सोंडेएवढा पाइप इकडचा तिकडं केला. अन् त्यापायी अकरा म्हाताऱ्यांचं जे झालं, ते ऐकून तुम्ही हसाल. हसा. तेव्हा मात्र कोणी हसत नव्हतं.

तुम्ही म्हणाल, बापू, तुम्ही तर मुंगीला वाट देणारं माणूस, तुमच्या हातून काय होणार? खरं आहे. सत्तरी उलटली, मी कोणावर ओरडलो नाही. बैलावर ओरडलो नाही, तिथं माणसाचं काय! राग मला येतो, नाही असं नाही. पण माझा राग वसमतहून पायी निघाल्यासारखा येतो. तो आमच्या गावी, गोरेगावला पोचेपर्यंत भांडण मिटलेलं असतं अन् समोरचा माणूस घरी जाऊन जेवलेला असतो.

त्या दिवशी मात्र राग जीपनं आला. अन् नेमका चुकीच्या ठिकाणी उतरला.

झालं असं. आमची म्हातारी, पारबती तिचं नाव. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दिसायचं हळूहळू इतकं कमी झालं, की चहात साखरेऐवजी मीठ पडायला लागलं. दोनदा पडलं. दोन्ही वेळा मी 'झकास झालाय' म्हणून पिऊन टाकला. पण तिला खरी तकलीफ होती ती सुईची. पारबतीच्या हातची वाकळ म्हणजे काय विचारता! अर्ध्या गावातली लेकरं तिनं शिवलेल्या वाकळीत झोपून मोठी झाली. अन् तिलाच दोरा ओवायला शेजारणीला हाक मारावी लागायची. ती हाक मारताना तिचा आवाज कसा बारीक व्हायचा! मला ते ऐकवायचं नाही. मी उठून गोठ्यात जायचो.

आपरेशनचा नंबर दोनदा लागला अन् दोनदा हुकला. पहिल्यांदा रक्तात साखर वाढलेली निघाली. दुसऱ्यांदा खोकला. त्या दुसऱ्या वेळी परत येताना ती जीपमध्ये म्हणाली होती, "अवो, आता आनखी एकडाव. त्या वक्ताला झालं तर झालं. न्हाई तर नशिबात उजेड न्हाई म्हनायचं अन् गप बसायचं. मी पुन्हा पायरी चढनार न्हाई."

पारबती बोलली म्हणजे बोलली. तेव्हा हा तिसरा नंबर शेवटचा होता, हे ध्यानात ठेवा.

संगं आमचा शेजारी लिंबाजी होता. त्याच्या अन् आमच्या घराची भिंत एकच. त्याच्या मावशीचाही त्याच दिवशी नंबर. दोन म्हाताऱ्या, आम्ही दोघं, गोरेगावच्या जीपमध्ये कोंबून हिंगोलीला आलो. दवाखान्याचं नाव मी सांगत नाही. मी नाव घेतलं, तर तिथले लोक म्हणतील, 'हां, हाच तो!'

दवाखाना अर्धा उकरून ठेवलेला. जुन्या भिंतींचं प्लास्टर पाडून, फरशी फोडून नवीन वॉर्ड करून राहिले होते. एका अंगानं आजारी माणसं, दुसऱ्या अंगानं हातोडे. मधी हा भला मोठा प्लास्टिकचा पडदा, छतापासून जमिनीपर्यंत, कडांना रुंद चिकटपट्टी. खिडक्यांच्या फटीसुद्धा पट्टीनं बंद. कणगीला शेणमातीनं लिंपतात तसं सगळं लिंपून टाकलेलं! मी म्हटलं, हे काय? दाणे भरून ठेवलेत का माणसं?

अन् दारात ओलं पोतं.

आता हे पोत्याचं ऐका. उंबऱ्याशी जाड गोणपाट, पाण्यानं चिंब. मला वाटलं, कोणी तरी धुतलं अन् वाळत घालायचं विसरलं. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्या, डोळ्यांनी अधू. एखादीचा पाय घसरला म्हणजे? शिवाय धुतलेल्या वस्तूवर चपलेचा पाय द्यायचा, ही काही माणसाची रीत नव्हे. मी ते उचललं, घट्ट पिळलं, बाहेर कठड्यावर नीट पसरून वाळत घातलं.

घटकाभरानं बघतो तर पुन्हा दारात. पुन्हा चिंब!

मी पुन्हा पिळलं.

तिसऱ्यांदा गेलो तर सिस्टर कमरेवर हात ठेवून उभी. तरणीताठी, चेहऱ्यानं चांगली, पण घाईत. "कोन काढून राहिलंय हे पोतं?"

मी शांतपणे म्हटलं, "सिस्टरबाई, काढनाऱ्याचं सोडा. टाकनारा कोन हाय त्याला धरा आधी. म्हातारी मानसं पडतील."

"बाबा, त्याच्यावर पाय पुसूनच आत यायचं असतं! बोर्ड लावलाय ना तिथं!" असं म्हणून गेलीसुद्धा.

बोर्ड! अहो, बोर्ड लावला होता म्हणे. भिंतीवर. निळ्या अक्षरात. मी उभ्या जन्मात शाळेच्या पडवीत बसलो नाही. मला बोर्ड अन् भिंत दोन्ही सारखेच. बरं, लिंबाजी चार बुकं शिकलेला, तर त्याचा चष्मा घरी खुंटीला. मला सांगा, हा डोळ्यांचा दवाखाना ना? ज्यांना दिसत नाही ती माणसं इथं येतात ना? अन् त्यांना तुम्ही बोर्ड लावून सांगता? याला काय म्हणावं? इथं माझ्या रागाच्या जीपनं पहिला गिअर टाकला.

मग बायांना आत नेलं. अकरा जणी. हिरवे झगे, हिरव्या टोप्या, डोळ्यांत औषधाचे थेंब. आपरेशनच्या खोलीच्या अलीकडं एक लहान खोली होती, तिथं बाकड्यांवर ओळीनं बसवलं. पारबतीचा नंबर पहिला. आम्हाला आत मनाई. पण त्या खोलीची एक खिडकी मागच्या अंगणात होती. मी तिकडून काचेला नाक लावून बघत राहिलो.

आत पंखा बंद. खिडकी पट्टीनं चिकटवलेली. अकरा म्हाताऱ्या घामानं निथळून राहिलेल्या. पारबती आपल्या केसपेपरनं वारा घेऊन राहिली होती. एक हात दुखला की दुसऱ्या हातानं. तिला पुन्हा खोकला आला, चक्कर आली, तर गेला ना तिसरा नंबर!

अन् तेवढ्यात माझ्या पिंडरीला वारं लागलं.

बघतो तर काय? शेजारची खिडकी, जिथं काम चालू होतं तिकडची. तिच्यातून एक जाड पाइप बाहेर आलेला, वळ्यावळ्यांचा, ओढला की लांबणारा. अन् त्याच्या तोंडातून वारं, भस्स! हात धरला तर बाही फडफडली.

आता मला सांगा, आपल्याकडं कुलर कसा बसवतात? धड खिडकीबाहेर अन् तोंड घरात. गावातल्या लहान लेकराला ठाऊक आहे. अन् इथं? धड आत अन् तोंड बाहेर! अकरा म्हाताऱ्या आत उकडून राहिल्यात, अन् हे लोक वैशाखाच्या उन्हाला गार करून राहिलेत! असल्या शिकलेल्या माणसांना काय ओवाळायचं?

तरी मी लगेच हात लावला नाही हां. रीतीनं विचारलं. आधी वॉर्डातल्या मामांना. ते पायरीवर बसून मोबाइल बघत होते. "मामा, हा कुलर उलटा बसवला काहून?"

मामांनी मान वर केली नाही. "कंत्राटदाराच्या मुनिमाला विचारा."

मुनीम लिंबाखाली पान लावून राहिला होता. "बाबा, ते इंजिनेरचं काम. त्याला विचारा."

"इंजिनेर कुठं हाय?"

"नांदेडला."

म्हणजे बघा! माझ्या म्हातारीला झुळूकभर वारं पाहिजे, तर मी नांदेडला जाऊ?

लिंबाजी माझा हात ओढून राहिला. "बापू, चल, चहा पिऊ. आपल्याला काय करायचं?"

"आपल्याला काय करायचं? तिकडं तुझी मावशी भाजून राहिली, लिंब्या!"

"मावशी आजवर चुलीपुढं बसली तर भाजली न्हाई. आता काय भाजती?"

मी ऐकलं नाही. कमरेचा अडकित्ता काढला. म्हाताऱ्यांच्या खिडकीची चिकटपट्टी टरटर कापली, काच वीतभर सरकवली. तो पाइप ओढून आणला, तोंड आत घातलं, अन् खांद्यावरचा गमछा सोडून गजाला करकचून बांधला. ओझ्याच्या गाडीला बांधतात तशी गाठ. हलायचं नाव नाही.

आत काय आनंद झाला म्हणता!

"आगं बया, वारं आलं गं!"

"कसं गार गार लागून राहिलं!"

लिंबाजीची मावशी तर दोन्ही हात जोडून म्हणाली, "ज्यानं हे लावलं त्याच्या पोटी सोनं पिको!" पारबतीनं तोंड वर करून डोळे मिटले अन् ते वारं गालावर घेत बसली. मी काचेबाहेर उभा. मनात म्हटलं, शिकून काय होतं? अक्कल लागते.

पाच मिनिटं. आयुष्यात पाच मिनिटं मी देवमाणूस होतो. मग लिंबाजीसंगं समोरच्या टपरीवर चहाला गेलो.

अन् ज्यांच्या चहाची सुट्टी होती, ते मजूर चहा पिऊन परत आले.

मी बशीत चहा ओतला होता. तोंडाला लावणार, तेवढ्यात दवाखान्यातून आधी घर्र्र असा फरशी फोडायच्या मशीनचा आवाज आला, अन् त्याच्या मागोमाग बायांचा कालवा. बशी टाकून आम्ही पळालो. मी पळालो! सत्तरीत!

दारातून एकेक म्हातारी बाहेर येऊन राहिली होती. पांढरी फटक! झगा पांढरा, टोपी पांढरी, भुवया पांढऱ्या. भस्म फासलेल्या गोसाव्यांचा जथा निघाला जणू. खोकून राहिल्या, थुंकून राहिल्या, एकमेकींना धरून चालून राहिल्या. लिंबाजीची मावशी तर त्याला ओळखूच येईना. त्यानं दुसऱ्याच एका म्हातारीचा हात धरला अन् तिच्या मुलाकडून शिवी खाल्ली.

त्याहून वाईट पुढं आहे. ती मशीन चालू झाली, नेमकं तेव्हाच आतलं दार उघडून 'पारबतीबाई, चला' म्हणून हाक मारली होती. दार उघडं, अन् सगळी धूळ आपरेशनच्या खोलीत. टेबलावर, दिव्यावर, धुऊन-उकळून ठेवलेल्या हत्यारांवर.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तोंडाचं फडकं काढलं अन् म्हणाल्या, "आजची सगळी आपरेशनं बंद. खोली धुवायची, औषध मारायचं, नमुने तपासायला पाठवायचे. तीन दिवस तरी जातील."

पारबती बाकड्यावर बसली. धुळीनं भरलेल्या चेहऱ्यानं म्हणाली, "म्या म्हनलं नव्हतं? नशिबात न्हाई उजेड." अन् आवाज तोच. बारीक. दोरा ओवायला हाक मारायचा आवाज.

बस्स! माझी जीप पोचली.

मी काय बोललो ते मला धड आठवत नाही. लिंबाजीनं नंतर गावभर सांगितलं म्हणून ठाऊक. मी म्हणे टेबलावर मूठ आपटली. "कोन हाय तो? ज्यानं ही धूळ आत सोडली त्याला आनून उभा करा! माझ्या म्हातारीचा डोळा काय रस्त्यावर पडलाय? आज त्याला सगळ्यांसमोर विचारल्याशिवाय मी इथून हलनार न्हाई!"

मागून अकरा म्हाताऱ्यांची माणसं ओरडली, "बराबर हाय! बापू बराबर बोलून राहिले!"

खरं सांगतो, बरं वाटलं. माझ्या मागं जन्मात कधी चार माणसं उभी राहिली नव्हती. मी आणखी एक मूठ आपटली.

मुनिमाला बोलावलं. तो घामाघूम. "आईच्यान सांगतो, पाइपाचं तोंड बाहेर होतं! मी सकाळी सोताच्या डोळ्यानं बघितलं!"

"मग काय पाइप चालत गेला?" मी ओरडलो. "पाय फुटले का त्याला? ज्यानं हात लावला त्याचं नाव सांग!"

"बराबर हाय!" मागून लोक.

तेवढ्यात ती सकाळची सिस्टर आली. हातात लाल चौकड्याचं फडकं. सगळ्यांना दिसेल असं उंच धरून म्हणाली, "पाइप गजाला ह्यानं बांधला होता. कोनाचं हाय हे?"

अन् मी, अहो मी, घाम पुसायला मघापासून जो गमछा धुंडून राहिलो होतो, तो बघून हरखून म्हणालो,

"अरे! तिथं ऱ्हायला व्हय! द्या, माझाच हाय."

हात पुढं केला. गमछा कोणी देईना. मागचं 'बराबर हाय' बंद. मी वळून बघितलं तर लिंबाजी छताकडं बघून राहिला होता.

तुम्हाला वाटेल, आता तरी कळलं असेल. कुठलं! मी म्हटलं, "असे काय बघून राहिले? तो उलटा कुलर मीच सरळ केला. त्याचं नंतर बोलू. आधी धूळ कोनी सोडली ते सांगा!"

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. सिस्टरनं मात्र मला हाताला धरून बाजूला नेलं अन् पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली.

"बाबा, शेती हाय का?"

"हाय थोडी."

"सोयाबीन करता?"

"करतो."

"मळणीयंत्र लावता, तवा भुसा फेकायचं तोंड कोनीकडं करता? घराकडं?"

"घराकडं कोन करंल? एखादा येडाच..."

सिस्टरनं मान डोलावली.

"तो कुलर न्हाई, बाबा. आतली धूळ ओढून बाहेर फेकायची मशीन हाय ती. जुन्या भिंतीत बुरशी असते. भिंत फोडली की ती धुळीसंगं उडते, डोळ्याला दिसतसुद्धा न्हाई. धडधाकट मानसाला काही होत न्हाई. पन आपरेशनसाठी डोळा उघडलेला असताना आत गेली, तर तो डोळा हाती लागत न्हाई. म्हनून तो पडदा. म्हनून ती पट्टी. म्हनून पंखा बंद. अन् म्हनूनच ते ओलं पोतं, चपलेची धूळ तिथंच धरून ठेवायला."

माझी जात खळ्यावरची हो! वारं कोणीकडून येतं, भुसा कोणीकडं जातो, रास कुठं घालायची, हे मी लोकांना शिकवलं. मजूर आणखी दोन घोट चहा सावकाश पिले असते, तर पारबती टेबलावर असती अन् तिचा डोळा उघडा असता. हे डोक्यात आलं. जिथं उभा होतो तिथंच बसलो. कुठं? त्याच ओल्या पोत्यावर. धोतर भिजून पाणी मांडीपर्यंत आलं, तरी उठवेना.

पण राग? तो काही उतरेना. इतक्या वर्षांनी आला होता, तो असा लगेच जातो होय? मी खालूनच म्हटलं, "सिस्टरबाई, चूक माझी. हजारदा माझी. पन हे जे आता सांगितलं, ते सकाळी सांगितलं असतं तर? मी पोतं दोनदा पिळलं तवा सांगितलं असतं तर? मामा सांगंना, मुनीम सांगंना, इंजिनेर नांदेडला. अन् भिंतीवर बोर्ड! बोर्डाला तोंड असतं का?"

सिस्टरनं गमछा माझ्या खांद्यावर टाकला. मग म्हणाली, "ते बी खरं हाय."

थोडा विचार करून पुन्हा म्हणाली, "बाबा, तुमाला हाय ना तोंड? मग बसा हितं. तीन दिवस तुमीच सांगा लोकांना."

अन् मी बसलो! तीन दिवस, दाराशी, पोत्याजवळ. पोतं वाळलं की पाणी मारायचं, येईल त्याला सांगायचं. काय माणसं असतात! उडी मारून जातात हो पोत्यावरून. पहिल्या दिवशी मी तर ते पिळून वाळत घातलं होतं, पण आता मला त्यांची चीड यायला लागली. "अवो दादा, उडी काहून मारता? नदी हाय का ही? पाय पुसा!" मुनिमाची माणसं उघड्या टोपल्यातून मलबा घेऊन निघाली, तर मी आडवा झालो. "झाकून न्या! पानी शिंपडा आधी!" मुनीम म्हणाला, "बाबा, तुमी सांगता हे? तुमी?" मी म्हटलं, "व्हय, मीच. माझ्याएवढी धूळ हितं कोनी उडवलीय का?"

एक बडे साहेब आले, चकचकीत बूट. पोतं चुकवून निघाले. मी काठी आडवी धरली. "साहेब, पोत्यावरून."

"मी कोण आहे माहीत आहे का?"

"न्हाई. धुळीला बी माहीत न्हाई."

साहेबांनी पाय पुसले. दोन्ही.

हे झालं बाहेरचं. आतलं काय सांगू! बायांना तीन दिवस वॉर्डातच ठेवलं होतं. मी भाकरी घेऊन जायचो, अन् पारबतीचं सुरू व्हायचं. "त्या मेल्याचे हात झडो! मिळाला का वो तो?"

"बघून राहिलेत," मी म्हणायचो. "हा घास घे."

"त्याच्या घरची चूल पेटनार न्हाई!"

खरंच होतं. आमच्या घरची चूल पेटलेली नव्हतीच. भाकरी लिंबाजीच्या घरून येत होती.

"कशी नांदत असंल वो त्याची बायको असल्या मानसासंगं?"

"नांदत असंल बिचारी कशी तरी. पानी पी."

बाकीच्या दहा जणी पदर तोंडाला लावून खुसूखुसू हसायच्या. त्या सगळ्यांना ठाऊक. मला वाटायचं, एकटी पारबतीच काय ती अंधारात आहे. सांगायला जावं तर मी भाकरीचा आणखी एक घास पुढं करायचो. एकदा सांगितलं अन् ती 'चला घरी' म्हणाली तर? तिसरा नंबर माझ्याच हातून जायचा होता का?

चौथ्या दिवशी खोली ठीक असल्याचा कागद आला. एका डोळ्याचं आपरेशन झालं. मी बाहेर पोत्यावर पाणी मारत बसलो. तेवढंच हातात होतं. दुसऱ्या दिवशी डोळ्याची पट्टी सोडली. डॉक्टरीणबाईंनी बोटं दाखवली. पारबतीनं बराबर सांगितली. भिंतीवरचं घड्याळ सांगितलं, खिडकीतला कावळा सांगितला. मग वळून माझ्याकडं बघत राहिली. किती तरी वेळ.

मी म्हटलं, आता सांगावंच. "पारबते, एक बोलायचं होतं. तो जो मानूस होता ना, पाइपवाला..."

"बघितला," ती म्हणाली.

"आं?"

"चार दिवसांपासून तो मेला कसा दिसतो ते बघायचं होतं मला. बघितला आता. म्हातारा झालाय पार." अन् पदरानं दुसरा डोळा पुसत म्हणाली, "'द्या, माझाच हाय' म्हनलात तवा मी मागं बाकड्यावरच बसले होते. डोळे गेले होते माझे, कान न्हाई!"

म्हणजे तीन दिवस ती मला तोंडावर शिव्या देऊन राहिली होती. माझ्याच हातून भाकरी खात. अन् मी 'हो, हो' म्हणून राहिलो होतो!

घरी आलो. संध्याकाळी ओट्यावर बसलो, भिंतीपलीकडून लिंबाजी आला. मला पुन्हा उकळी फुटली. मी म्हटलं, लिंबाजी, तूच सांग, यात माझं एकट्याचं काय चुकलं? ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी बोर्ड लावायचा, ही कुठली अक्कल? मशीन कुलरसारखी दिसते तर तिच्यापाशी एक माणूस उभा करायला काय होतं? वारं विचारलं तर नांदेड दाखवतात! दुसऱ्या डोळ्याचा नंबर दिवाळीनंतर आहे. तेव्हा बघच तू, मी आधी सगळा दवाखाना फिरून बघणार, एकेकाला विचारणार, मगच म्हातारीला आत पाठवणार!

लिंबाजीनं सगळं ऐकून घेतलं. तंबाखू मळली, चिमूट ओठाखाली ठेवली अन् म्हणाला,

"बापू, तुझं समदं बराबर हाय. चूक त्यायचीच. पन दुसऱ्या डोळ्याच्या वक्ताला वैनीला मी घेऊन जातो. तू घरीच ऱ्हा. अन् आमी येईपर्यंत कशाला हात लावू नको."